संवाद : आपल्या दोघांचा

(वारीच्या वाटेवरील मुक्कामात रात्री झालेले निरूपण. सुरुवातीचे नमन व अभंगगायन येथे छापलेले नाही.)

मागच्या मंडळींनी जरा पुढं सरकावं. बाहेर पाऊस आहे, दारातली माणसं भिजताहेत. हां, या, या माऊली, बसा.

अभंग म्हणून झाला. चालीवर टाळही धरून झाला. निरूपणाला आज मी अख्खा चरण घेणार नाही, एकच शब्द घेणार आहे. संवाद. आपण रोज वापरतो तो शब्द. पेपरात आहे, भाषणात आहे, नवरा-बायकोच्या भांडणातही आता आलाय. सुनबाई म्हणते, आपल्यात संवादच राहिला नाही. आमच्या आजीच्या काळी म्हणायचे, हे काही बोलत नाहीत मेले!

शब्द मोठा आहे महाराज, पण आपण त्याला फार स्वस्त केलं. गावात फलक लागतो की अमुक साहेब उद्या जनतेशी संवाद साधणार. आपण जातो. साहेब दीड तास बोलतात, आपण दीड तास ऐकतो, हार पडतो गळ्यात आणि गाडी निघून जाते. दुसऱ्या दिवशी छापून येतं, संवाद साधला. अहो, कुणी साधला? कुणाशी? आपण तर जांभई दाबत बसलो होतो. आता साहेबांना नावं ठेवायला मी उभा नाही, कारण या घडीला माईक माझ्याच हातात आहे. पण कीर्तनाची रचनाच अशी आहे की एकट्याला ते करताच येत नाही. मागं विणेकरी उभा आहे, दोन्ही बाजूंना टाळकरी आहेत, मृदुंगाचार्य आहेत. मी चरण अर्धा सोडला की हे पुरा करतात. मी प्रमाण चुकलो तर कुणीतरी हळूच धरून देतो. आणि तुम्ही मान हलवली नाही तर मला कळतं, बुवा, गाडी रस्ता सोडून चालली.

आता शब्द बघू. सम् हा उपसर्ग आणि वद् हा धातू. वद् म्हणजे बोलणं. सम् म्हणजे एकत्र, आणि सम् म्हणजे नीट, चांगल्या रीतीनं. दोन नद्या एकत्र आल्या की संगम. तसं दोन बोलणी एकत्र आली की संवाद. ऋग्वेदाचं अगदी शेवटचं सूक्त आहे, दहाव्या मंडलातलं, त्यात ऋषी सांगतात की एकत्र चाला, एकत्र बोला, तुमची मनं एक होऊ द्यात. एवढा मोठा वेद आणि शेवटी सांगितलं काय? तर दिंडीत चाला! हा माझा अर्थ आहे बरं का, पंडितांना विचारू नका. पण चालणं आणि बोलणं तिथं शेजारी शेजारी ठेवलंय, हे खरं आहे. बरोबर चालणाऱ्याशी बोलणं सोपं जातं. समोरासमोर बसवलं की माणूस अवघडतो.

संस्कृतात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो आपण विसरलो. संवाद म्हणजे जुळणं, मेळ बसणं. एकाचं सांगणं दुसऱ्याच्या सांगण्याशी जुळलं, तर त्याला संवाद म्हणत. आणि जुळलं नाही तर विसंवाद. म्हणून विसंवाद म्हणजे भांडणच असं नाही. गोड गोड बोलणाऱ्या दोन माणसांतही विसंवाद असू शकतो, कारण आतलं जुळलेलं नसतं.

हे पेटीवाले बुवा जास्त चांगलं सांगतील. रागात एक वादी स्वर असतो आणि एक संवादी. यमन घ्या. गंधार वादी, निषाद संवादी. (येथे पेटीवर दोन्ही स्वर वाजवून दाखवले.) ऐकलंत? भूपात गंधार वादी आणि धैवत संवादी. जुने शास्त्रकार वादीला राजा म्हणतात, संवादीला प्रधान म्हणतात, आणि विवादी स्वराला शत्रू म्हणतात. आता नीट लक्ष द्या. संवादी स्वर हा वादीहून वेगळा आहे. गंधाराचा संवादी गंधारच केला तर काय होईल? आवाज मोठा होईल, दुसरं काही नाही. काही घरांत असंच चालतं. मालक बोलले की सगळे हो म्हणतात. मालकांना वाटतं, घरात काय संवाद आहे! अहो, तो एकच स्वर चार तोंडांतून निघतोय. वेगळेपण आहे आणि तरी जुळतंय, तेव्हा तो संवादी.

मग वाद वाईट का? तेही नाही. गौतमांच्या न्यायसूत्रांत बोलण्याचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते कळावं म्हणून दोघं बोलतात, तो वाद. मला जिंकायचंय म्हणून बोलतो, तो जल्प. आणि स्वतःचं काही म्हणणंच नाही, फक्त समोरच्याचं खोडायचं, ती वितंडा. आपण त्यालाच वितंडवाद म्हणतो. चहाच्या टपरीवर जे चालतं ते यातलं कोणतं, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण गीतेच्या दहाव्या अध्यायात देव आपल्या विभूती सांगतात ना, पर्वतांत मेरू, नद्यांत गंगा, तिथंच सांगतात की बोलणाऱ्यांमध्ये वाद मी आहे. जल्प मी आहे असं नाही म्हणाले. वितंडाही नाही. म्हणजे खरं शोधायला तोंड उघडलंत तर तिथं देवाची विभूती आहे. घरातल्या पोरानं उलट प्रश्न विचारला की लगेच ‘वाद घालू नकोस’ म्हणू नये. आधी बघावं, कोणत्या जातीचा वाद आहे.

आता गीतेकडेच या. प्रत्येक अध्यायाच्या शेवटी समाप्तीचं वाक्य असतं, त्यात श्रीकृष्ण आणि अर्जुन यांचा संवाद असं येतं, ते आपण लहानपणापासून ऐकतो. पण श्लोकांच्या आत हा शब्द कुठं आहे? पहिल्या सतरा अध्यायांत नाही. तो येतो अठराव्यात, शेवटी शेवटी, तीनदा. एकदा देवाच्या तोंडी आणि दोनदा संजयाच्या. सगळं बोलून होत आल्यावर देव म्हणतात, जो कोणी आपल्या दोघांचा हा धर्ममय संवाद अभ्यासेल. आपल्या दोघांचा! अहो, हिशेब करा. ७०० श्लोकांची गीता. त्यात पाचशेच्या वर श्लोक देवाचे, अर्जुनाचे शंभरसुद्धा नाहीत. तरी देव म्हणाले नाहीत की मी केलेला उपदेश. आपल्याकडं पाच मिनिटं सल्ला देणारा वर्षभर सांगत फिरतो, त्याला मी शहाणा केला.

आणि हा संवाद सुरू कसा झाला ते बघा. पहिल्या अध्यायात अर्जुन बोलतोय. हात थरथरताहेत, धनुष्य गळतंय, अंग भाजतंय, सगळं सांगतोय. देव काय बोलतात? रथ मध्ये उभा केल्यावर एवढंच, की पार्था, हे जमलेले कौरव बघ. बास. अख्ख्या अध्यायात देवाचं बोलणं ते तेवढं. पुढचा सगळा अध्याय देव ऐकताहेत. ज्याला सगळं माहीत आहे तो ऐकतोय, बाबांनो. शेवटी दुसऱ्या अध्यायात अर्जुन म्हणतो, मी लढणार नाही, आणि गप्प बसतो. त्या गप्प बसण्यानंतर देवांनी खरा उपदेश सुरू केला, तोही हसल्यासारखं करून. आपण असतो तर पहिल्याच वाक्याला म्हणालो असतो, ए, हे रडगाणं बंद कर.

पुढं अर्जुन काय मुकाट ऐकून घेतो का? तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला तक्रार करतो, देवा तुमचं बोलणं दुटप्पी वाटतंय, एक काय ते ठरवून सांगा. चौथ्यात शंका काढतो, सूर्य तुमच्या कितीतरी आधीचा, त्याला तुम्ही कसं सांगितलंत? सहाव्यात सरळ म्हणतो, हे मन आवरणं म्हणजे वारा बांधणं, मला नाही जमायचं. देव रागावले नाहीत. मन चंचल आहे हे खरंच, असं आधी कबूल केलं आणि मग उपाय सांगितला. आधी समोरच्याचं खरं ते मान्य करायचं, मग आपलं सांगायचं. आपण उलट करतो.

शेवटी शेवटी देव म्हणतात, मी सांगायचं ते सांगितलं, नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. आणि मग एक प्रश्न विचारतात. एकाग्र मनानं ऐकलंस ना? तुझा मोह गेला का? ते विचारणं मला फार मोलाचं वाटतं. सांगून मोकळा होणारा पुष्कळ भेटतो. पोचलं का, असं विचारणारा विरळा.

बृहदारण्यक उपनिषदात अशीच एक गोष्ट आहे. देव, माणसं आणि असुर, तिघंही प्रजापतीची मुलं. बापाकडं राहून शिकली आणि निघताना म्हणाली, काहीतरी उपदेश करा. प्रजापतीनं देवांना एकच अक्षर सांगितलं, द. आणि विचारलं, कळलं का? देव सुखात लोळणारे, ते म्हणाले, कळलं, दमन करा म्हणालात. माणसांनाही तेच अक्षर, द. माणसं साठवणारी. ती म्हणाली, कळलं, दान करा. असुरांनाही द. ते क्रूर, ते म्हणाले, दया करा. अक्षर एक, ऐकणारे तीन, अर्थ तीन, आणि तिन्ही वेळा बाप म्हणाला, होय, बरोबर कळलं. बघा बरं, अर्धं बोलणं बापाचं आहे आणि अर्धं ज्याच्या त्याच्या अंतःकरणातून आलंय. शिवाय तिन्ही वेळा विचारलंय, कळलं का. ते विचारलं नसतं तर उपनिषदाला गोष्ट मिळाली नसती.

(विठ्ठल विठ्ठल गजर)

बरं, आता मनाला टोचेल असं सांगतो. गीता ऐकली किती जणांनी? अर्जुनानं ऐकली, संजयानं ऐकली, आणि तिकडं हस्तिनापुरात आणखी एक जण बसला होता. धृतराष्ट्र. गीतेचा पहिला श्लोक त्याचा. माझ्या मुलांनी आणि पांडूच्या मुलांनी काय केलं, असं विचारतो. माझी एकीकडं, पांडूची एकीकडं, पहिल्याच वाक्यात बांध घातला त्यानं. त्यानंतर अठरा अध्याय तो ऐकतो. विश्वरूपाचं वर्णन ऐकतो. शेवटी संजय पुन्हा पुन्हा ‘हे राजा’ म्हणून सांगतोय, माझ्या अंगावर काटा येतोय, मला राहून राहून आनंद होतोय. राजा काही बोलत नाही. कृष्ण आणि अर्जुन जिकडं तिकडं विजय, असंही संजय सांगतो. तरी राजा गप्प. गीता तिथंच संपते. अर्जुनानं ऐकलं ते शब्द आणि धृतराष्ट्रानं ऐकले ते शब्द एकच होते हो. एक म्हणाला, माझा मोह गेला, मी सावध झालो. दुसऱ्याचा एक शब्द नाही. मी कधी कधी कीर्तनाला उभा राहतो ना, तेव्हा समोर बघताना मनात येतं, आज किती अर्जुन आहेत आणि किती महाराज नुसते सिंहासनावर बसलेत! हसू नका, मीही दुसऱ्याचं कीर्तन ऐकायला बसतो.

माऊली ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला या गीतेवर टीका सांगितली. सांगितली म्हणतोय, लिहिली नाही. सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, समोर निवृत्तिनाथ होते, श्रोते होते. त्या श्रोत्यांशी बोलत बोलत ग्रंथ पुढं जातो. त्यांची विनवणी करतात, त्यांचं कौतुक करतात, तुम्ही लक्ष दिलंत तरच मला बोलता येईल म्हणतात. आणि अठराव्या अध्यायात माऊलींनी एक गोष्ट घातली जी मूळ गीतेत नाही. देव अर्जुनाला मिठी मारतात. जे शब्दांनी द्यायचं राहिलं होतं ते या हृदयातून त्या हृदयात जातं. एका दिव्यानं दुसरा दिवा लागावा तसं. पण माऊलींची नजर किती बारीक! ते म्हणतात, एवढं होऊनही दोनपण मोडलं नाही. देव देव राहिले, अर्जुन अर्जुन राहिला. मघाशी पेटीवर गंधार आणि निषाद ऐकलात ना, ते आठवा.

आणि याच माऊलींच्या घरी ताटीची गोष्ट घडली. लोकांनी दुखावलं म्हणून ज्ञानदेव झोपडीत गेले, ताटी लावून घेतली. ज्यानं सगळ्या जगाशी बोलायचं त्यानं दार बंद केलं. बाहेर कोण उभं राहिलं? धाकटी बहीण. मुक्ताई. ताटीचे अभंग तुम्हाला ठाऊक आहेत, घरोघरी म्हणतात. त्यात ती एकटीच बोलते. आतून उत्तर येत नाही. एक अभंग झाला, ताटी बंद. दुसरा झाला, बंदच. आपण असतो तर म्हणालो असतो, एकदा हाक मारली, दोनदा मारली, आता त्याला गरज असेल तर येईल. ती हलली नाही. समोरचा बोलत नाही तेव्हा संवाद चालू ठेवायची जबाबदारी कुणाची, असं मला कुणी विचारलं तर मी मुक्ताईकडं बोट दाखवतो.

चांगदेवांचं तर तुम्हाला माहीतच आहे. पत्र लिहायला बसले आणि मायना सुचेना. वयानं लहान म्हणून चिरंजीव लिहावं, तर ज्ञानानं मोठे. तीर्थरूप लिहावं, तर वयानं पोर. शेवटी कोरा कागद पाठवला. चौदाशे वर्षांचा योगी मायन्यातच अडकला! मुक्ताई म्हणाली म्हणतात, एवढं जगून कोराच राहिला. पण ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला ६५ ओव्यांचं उत्तर दिलं, तीच चांगदेवपासष्टी. काही लिहिलं नव्हतं तेही त्यांनी वाचलं. आपल्या घरातही कोरे कागद येतात. जेवताना पोरगं गप्प असतं, तो कोरा कागदच. म्हातारा ‘मला काही नको’ म्हणतो, तोही कोरा कागद. वाचणारा पाहिजे.

नाथबाबांनी पैठणला हिंदू-तुर्क संवाद लिहिला. सुरुवातीला दोघं एकमेकांच्या देवाधर्माची अशी काही उणीदुणी काढतात की वाटतं आता मारामारी होणार. शेवटी एकमेकांना भेटतात, आलिंगन देतात. नाथांनी त्याला विवाद नाव नाही दिलं. सगळं उणंदुणं आत असूनही नाव संवाद.

मराठीत एक शब्द आहे, अबोला. बोलणं नाही, एवढाच त्याचा अर्थ नाही. अबोला धरावा लागतो. धरला की तो हातात राहतो, सोडवत नाही. आमच्या दिंडीत दोघं भाऊ होते. गाव विचारू नका. बांधावरनं बिनसलं, दावा लागला, अकरा वर्षं अबोला. आषाढी मात्र दोघांचीही चुकायची नाही. एकाच दिंडीत, एकाच नंबरमागं, एकच अभंग म्हणत चालायचे. धाकट्याला काही सांगायचं झालं तर थोरला पोराला म्हणायचा, सांग तुझ्या काकाला. काका चार हातांवर उभा!

आता आपल्या सोहळ्यात संध्याकाळी समाजआरती होते, तेव्हा काय होतं? सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदुंगाचा कल्लोळ चालू असतो. चोपदार दंड वर करतात आणि एका क्षणात सगळं शांत. हजारो टाळ थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती थांबत नाही. ती टाळ वाजवतच राहते. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, विचारतात, काय झालं. तक्रार ऐकली जाते, निवाडा होतो, मग ते टाळ थांबतात. हरवलं-सापडलं सांगतात आणि मग आरती. म्हणजे तक्रार ऐकल्याशिवाय देवाची आरती पुढं सरकत नाही, अशी आपल्या वारीची रीत आहे. घरात काय करतो आपण? भांडी आपटताहेत, कपाटाचं दार धाडकन लागतंय. अहो, ते टाळ वाजताहेत! तक्रार आहे कुणाची तरी. आपण काय म्हणतो? आवाज बंद करा. चोपदार म्हणून कुणी उठत नाही.

त्या दोन भावांचं म्हणाल तर त्यांच्या घरी टाळही वाजत नव्हते. एका वर्षी तरडगावच्या वाटेवर, चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं आणि थोरल्याच्या पायाला फोड येऊन तो बसला. रात्री राहुटीत कंदिलापाशी तेल घेऊन धाकटा आला. दादा म्हणाला नाही, काही नाही. एवढंच म्हणाला, पाय दाखव. थोरल्यानं पाय पुढं केला. मायना नाहीच, मजकूर दोन शब्दांचा. पुढचे तीन-चार दिवस दोघं फक्त पायाविषयी बोलत होते. कसा आहे, सुजलाय का, उद्या चालवेल का. बांधाचा विषय निघाला तो पंढरपूरला, चंद्रभागेच्या वाळवंटात, आणि दोघं असे कडकडून भांडले की आसपासच्या दिंडीवाल्यांनी येऊन सोडवलं. आमचे विणेकरी बुवा घाबरले. मी म्हटलं, घाबरू नका, अकरा वर्षांचं साचलंय, निघू द्या.

दावा अजून कोर्टात आहे. पुढची तारीख कार्तिकीनंतर पडलीय म्हणतात, आणि दोघं एकाच गाडीनं तारखेला जातात. यंदा राहुटीही एकच आहे. थोरल्याला आता चालवत नाही, तो सामानाच्या ट्रकमधून पुढं येतो आणि धाकटा पोचेपर्यंत चहा टाकून ठेवतो.

विणेकरी खूण करताहेत, आरतीची वेळ झाली. सगळ्यांनी उभं राहा माऊली. बोला पुंडलीक वरदे हरी विठ्ठल!

(यानंतर आरती झाली.)